थारला विंच बंपर: आधी ओढ कुठे पोचते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२२ची डिझेल थार, ऐरोलीत राहता, रोज गाडीनेच महापेला कामावर जाता. मागच्या जुलैत मुरबाडकडे भातखाचराच्या कडेला गाडी रुतली आणि ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास पावसात उभं राहावं लागलं. शिवाय पुढच्या वर्षी एखाद्या ऑफरोड स्पर्धेत उतरायचं मनात आहे. रबाळ्यातला एक फॅब्रिकेटर ‘सकाळी गाडी द्या, संध्याकाळी बंपर-विंचसकट घेऊन जा’ म्हणतोय. विंच (मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारा ड्रम) केवढा घ्यावा, पत्रा किती जाडीचा, दोर लोखंडी की सिंथेटिक, आणि आरटीओचं काय? ‘काका, आडपडदा न ठेवता सांगा’ असंही लिहिलंत.

आरटीओपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीने दिली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे बुल बार आणि क्रॅश गार्डवर, कारवाई करायला सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा लोखंडी विंच बंपर लावून रोज ऐरोली-महापे करणं बेकायदा आहे. आरटीओतून ‘पासिंग करून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला हे कारण मिळू शकतं.

पण दंड ही यातली लहान गोष्ट. तुमच्या थारला २०२०मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले ते मूळ बंपरसकट. चेसिसच्या टोकाशी धडकेत चिरडून जाणारा भाग असतो. एअरबॅग कोणत्या क्षणी फुगवायची हे गणित त्या चिरडण्यावर बसवलेलं असतं. तिथे सहा मिलिमीटरची प्लेट आली की धक्का थेट चेसिसमधून आत येतो आणि गणित बिघडतं. आणि घोडबंदर रोडवर रात्री आडवा येणारा स्कूटरवाला? प्लास्टिकचा बंपर थोडा तरी दबतो. लोखंडाच्या कडेपुढे त्याच्या गुडघ्याचं काय होईल, ते मला वेगळं लिहायला नको.

म्हणून तुमच्या चार तासांवरचं उत्तर विंच बंपर नाहीच. त्यासाठी डिकीत ठेवायचं सामान घ्या: एक कायनेटिक रोप (ताणला जाऊन गाडी बाहेर काढणारा लवचिक दोर), वजन छापलेल्या दोन शॅकल (दोर जोडायच्या पिनवाल्या कड्या), ७५ मिलिमीटर रुंदीचा झाडाला गुंडाळायचा पट्टा, फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पाट्या आणि हाताने चालवायचा वायर रोप पुलर. आपल्याकडे सगळे त्याला टिरफोर म्हणतात. १.६ टनाचा घ्या. सोबत एक पुली लावली की ओढ जवळपास दुप्पट. कष्ट पडतात, मीटरभर सरकायला घाम निघतो, पण बॅटरी लागत नाही, गाडीत काहीही कापावं लागत नाही आणि पोलिसाने थांबवलं तर विचारण्यासारखं काही नाही. पुढे आणि मागे कंपनीचे चेसिसवरचे हुक आहेत का, ते मात्र वाकून बघा. वाहतुकीत गाडी बांधायची लहान कडी आणि ओढायचा हुक यांत फरक असतो. चिखलातून ओढताना ती कडी तुटली तर गोळीसारखी सुटते.

आता स्पर्धेचं. तिथे विंच लागतो, आणि तिथे गाडी ट्रेलरवरून नेता येते किंवा बंपर वेगळा नेऊन जागेवर चढवता येतो. याच अटीवर मी हे काम करतो: सगळं बोल्टवर बसलं पाहिजे, दोन तासांत उतरलं पाहिजे आणि मूळ बंपर, मूळ बीम, चिरडणारा भाग न कापता पुन्हा जसाच्या तसा चढला पाहिजे. तुमच्या फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न हा विचारा: ‘गाडीचं काय काय कापणार?’ त्याने ग्राइंडर हातात घेतलाच, तर गाडी परत आणा.

गेली अठरा वर्षं वागळे इस्टेटमध्ये हेच काम करतो आहे. बंपर बघायला येणारा माणूस आधी रंग बघतो, मग लाइट कुठे बसतील ते विचारतो. मी खाली आडवा होऊन फक्त एक बघतो: विंचच्या दोरावरची ओढ कुठून कुठे जाते. दोर, ड्रम, विंचचे पाय, ते ज्यावर बसतात तो पाळणा, दोन बाजूंचे ब्रॅकेट, बोल्ट, चेसिस. या साखळीत जी कडी कच्ची, तीच तुमच्या विंचची ताकद. डब्यावर ९,५०० पौंड लिहिलेलं असेल, पण ब्रॅकेट दोन टनाचा असेल तर तुमच्याकडे दोन टनाचाच विंच आहे, आणि तोही सुटल्यावर उडणारा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक गाडी आली. बंपर डाव्या बाजूने चार बोटं पुढे आलेला, उजवीकडे फेंडरमध्ये घुसलेला. उतरवला तर दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरची एकेक पट्टी आणि पट्टीला दोन-दोन बोल्ट, बस. बोल्टची भोकं बाराची पाडलेली होती. डावीकडची ओढून लांबट झालेली, मोजली तर अठरा भरली. भोकाच्या कडेचा ओठ बाहेर वळलेला आणि आत नवं लोखंड चमकत होतं. बोल्टचे आटे एका अंगाने चेचून सपाट. डोक्यावर ताकदीच्या ग्रेडचा आकडाच नव्हता. मालक म्हणाला, ‘विंच तर मस्त ओढत होता.’ विंच ओढतच होता. गाडी जागची हलली नव्हती, बंपर निघत होता. अजून दोन हात ओढला असता तर दोर, बंपर आणि पंचवीस-तीस किलोचा विंच समोर उभ्या मुलांच्या अंगावर गेला असता. तो बंपर कोणी बनवला होता ते इथे लिहीत नाही. पण असे बंपर अजूनही बनतात, म्हणून एवढं तपशिलात सांगतोय.

हे का होतं ते समजून घ्या. ड्रमचा मध्य चेसिसच्या मध्यापेक्षा साधारण १५ सेंटीमीटर वर बसतो. पूर्ण ताकदीला ४,३०० किलोची ओढ धरली तर चेसिसच्या टोकावर नुसती पुढे ओढ नाही, वरून खाली पीळही येतो: तीन मीटरच्या पहारीच्या टोकाला दोनशे पंधरा किलो लटकावल्याइतका. शिवाय गाडी क्वचितच सरळ रेषेत रुतते. दोर तिरका गेला की सगळा भार एकाच बाजूच्या ब्रॅकेटवर. म्हणून ब्रॅकेट आठ मिलिमीटरचा, चेसिसच्या बाजूला लागून मागे हातभर गेलेला, प्रत्येक बाजूला किमान चार बोल्ट, एम-१२, ८.८ ग्रेड, आणि बोल्ट एका ओळीत न ठेवता वर-खाली फाकवलेले. चेसिसमध्ये कंपनीची भोकं आहेत, आधी ती वापरा. नवं भोक पाडावंच लागलं तर आतून पाइपचा तुकडा बाहीसारखा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना चौकोनी चेसिसच दबते. आणि चेसिसला वेल्डिंग नाही. कोणी ‘दोन टाके मारतो, हलणार नाही’ म्हणाला तरी नाही. त्या पत्र्याची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने कडेला कमी होते आणि बरोबर तिथूनच पुढे तडा जातो.

विंच ज्यावर बसतो तो पाळणा सहा मिलिमीटरचा, दोन्ही ब्रॅकेटला जोडणारा एकच तुकडा. बहुतेक विंचच्या पायांची भोकं २५४ बाय ११४.३ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे विंच हातात यायच्या आधीही पाळणा आखता येतो. पण मी तसं करत नाही. विंच आणून, ठेवून, क्लचचा खटका बोटांनी फिरतो का, दोर ड्रमच्या खालून निघून पुढे दोराला वाट देणाऱ्या फेअरलीडच्या मध्यातून सरळ जातो का, ते बघूनच भोकं पाडतो. दोर वरून निघाला तर आतला ब्रेक धरत नाही. ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे, चढावर.

बाकी बाहेरचं कवच तीन मिलिमीटरचं पुरतं. इथे सगळे जाडीच्या मोहात पडतात. एक चौरस मीटर पाच मिलिमीटर पत्र्याचं वजन ३९ किलो. सगळा बंपर पाचचा केला तर विंच बसण्याआधीच तुम्ही साठ किलो लटकवलेत. तुमच्या थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. पुढच्या अॅक्सलच्या पाऊण मीटर पुढे ८० किलो टांगले तर पुढच्या चाकांवर ८० नाही, जवळपास १०५ किलो वाढतात आणि मागची चाकं पंचवीस किलोने हलकी होतात. मग गाडी नाक खाली घालून चालते, ब्रेक मारला की डुबते, रात्री हेडलाइटचा झोत जवळ पडतो. त्यावर लोक स्प्रिंग बदलायला धावतात आणि एका बदलातून चार बदल निघतात. जाडी जिथे ओढ जाते तिथे हवी. बाकी ठिकाणी ते नुसतं ओझं.

कवच करताना पुठ्ठ्याचा साचा काढायला लावा. आमच्याकडे फ्रिजच्या खोक्यांचा ढीगच असतो. पुठ्ठा गाडीला लावून, कापून, टेपने जोडून मनासारखा झाला की मगच लेझर कटिंगला द्यायचं. नुसते टाके मारून बंपर विंचसकट गाडीवर चढवायचा, सगळे बोल्ट हाताने फिरतात का बघायचं, आणि मग उतरवून पूर्ण वेल्डिंग. पूर्ण वेल्डिंग करताना लोखंड ओढलं जातं, म्हणून मधोमध आडवा पाइप टेकवून ठेवायचा. यातलं एकही काम घाईत होत नाही. एका दिवसात म्हणणाऱ्याने यातलं काय गाळलं, ते तुम्हीच विचारा.

फेंडर आणि बंपरमध्ये बोटभर, साधारण १५ मिलिमीटर, फट ठेवायची. ती वाईट दिसते म्हणून लोक कमी करायला सांगतात. पण तुमची बॉडी चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली आहे आणि बंपर थेट चेसिसवर. गाडी पिळवटली की दोन्ही वेगवेगळ्या हलतात आणि फट नसेल तर फेंडरचा पत्रा चेपतो. तसंच विंच रेडिएटरच्या तोंडावर येऊ देऊ नका. मे महिन्यात माळशेज चढताना तापमानाचा काटा तुम्हाला हे आठवून देईल.

विंच केवढा? माणसं, सामान, डिझेल धरून तुमची गाडी सव्वादोन टनांच्या आसपास. त्याची दीडपट म्हणजे साधारण ३,४०० किलो, पौंडांत साडेसात हजार. ८,००० चालेल, ९,५०० घ्या, १२,००० नको, तो नुसता वजन वाढवतो. हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा असतो, हे लक्षात ठेवा. प्रत्येक थराला ताकद दहा-पंधरा टक्के घटते. चौथ्या थरावर ९,५००चा विंच दोन-तृतीयांशच ओढतो. म्हणून समोरचं झाड जवळ असेल तर दूरचं धरा, किंवा पुली लावून दोर परत आपल्याच चेसिसच्या हुकाला आणा. मात्र पुलीमुळे झाडाकडच्या शॅकलवर दुप्पट भार येतो.

दोर मी सिंथेटिकच सांगतो. लोखंडी दोराच्या जवळपास सातवा हिस्सा वजन, आणि तुटला तरी त्यात साठलेली ताकद कमी असते. पण तो नाजूक आहे. दगडाची धार, ऊन आणि उष्णता त्याला खातात. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. उतारावर भार धरून दोर सोडत गेलात तर ड्रम इतका तापतो की आतला थर वितळून चिकटतो. फेअरलीड सिंथेटिकसाठी गुळगुळीत अॅल्युमिनियमचं हवं. लोखंडी दोराने घासलेले जुने रोलर तसेच ठेवले तर त्यांचे ओरखडे नवा दोर दोन फेऱ्यांत कुरतडतील. ड्रमवर सिंथेटिकचे आठ-दहा वेढे कायम राहू द्या, लोखंडीचे पाच. आणि नवा दोर कधीच सैल गुंडाळू नका. सौम्य चढावर गाडी न्यूट्रलला, एक जण हलका ब्रेक धरून, विंचने गाडीच वर खेचत गुंडाळायचा. सैल गुंडाळलेला दोर पहिल्या मोठ्या ओढीला खालच्या थरात रुतून बसतो.

वायरिंगमुळे जळालेल्या गाड्या मी सगळ्यात जास्त पाहिल्यात. पूर्ण भाराला ९,५००चा विंच ४०० अँपिअरच्या आसपास घेतो. अल्टरनेटर त्यातले शंभरेक देईल, उरलेले बॅटरीतून. म्हणजे मिनिटभराच्या पूर्ण ओढीला पाच अँपिअर-तास गेले. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, मग थांबायचं. हात लावून विंचची मोटर कोमट आहे की चटका देते ते बघायचं. तांब्याची केबल किमान ३५ चौरस मिलिमीटर, दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत, मधे हाताने बंद होणारा आयसोलेटर. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर अर्थ सेन्सरच्या पलीकडे, कंपनीच्या अर्थ स्टडवर जोडा, नाहीतर गाडीला बॅटरी किती उतरली ते कळतच नाही. तुमच्या बाबतीत बंपर काढता-घालता यायला हवा, म्हणून पुढे ३५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जाड केबल झटकन जोडायचा-सोडायचा प्लग) लावा आणि विंच नसताना त्याला टोपी. केबलच्या टोकाचं लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबायचं. हातोड्याने ठोकलेलं लग बाहेरून छान दिसतं. आत अर्ध्या तारा सुट्या असतात, आणि पहिल्याच लांब ओढीत प्लास्टिकचा वास येतो.

मूळ बंपर उतरवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सर्किटमधला चार्ज जाऊ द्या. फॉग लाइट आणि सेन्सरच्या प्लगवर चिकटपट्टी लावून नावं लिहा. पुढच्या समोरासमोरच्या धडकेचा सेन्सर कुठे आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. तो हलवायचा नाही, त्याच्यापुढे प्लेट आणायची नाही. कोणी ‘सेन्सर बाजूला घेतो’ म्हणालं तर काम थांबवा.

रंगाचं खाडीजवळ राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं. ऐरोलीच्या दमट खारट हवेत नुसती पावडर कोटिंग दोन पावसाळ्यांत कडेला फुगते. आधी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पाळण्याच्या तळाला चार भोकं पाडून घ्या, नाहीतर चिखलपाणी आतच साचतं. आणि दर महिन्याला विंच दोन मिनिटं चालवा. वर्षभर न फिरलेला विंच ऐन चिखलात फक्त ‘टक्’ करतो, आतला रिले चिकटलेला असतो.

पहिली ओढ मोकळ्या खासगी जागेत करा. येऊरला नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे. ऐरोलीच्या खारफुटीतही नको. दोरावर जाड गोधडी किंवा भरलेली सॅक टाका, हातात चामडी मोजे घाला, आणि दोराच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको, विशेषतः मोबाइलवर शूटिंग करणारा. दुसऱ्या गाडीने तुम्हाला ओढायचं असेल तर दोर विंचच्या हुकाला बांधू देऊ नका. त्याने विंचचा ब्रेक जातो.

त्या पहिल्या ओढीनंतर लगेच टॉर्क पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासा. एम-१२, ८.८ ग्रेडला साधारण ८० न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर पांढऱ्या मार्करने एक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकला आहे.

फॅब्रिकेटरकडे जायच्या आधी चेसिसच्या दोन्ही टोकांचे फोटो समोरून आणि खालून काढून मला पाठवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोजून लिहून ठेवा. बंपर चढल्यावर पुन्हा मोजाल तेव्हा स्प्रिंगचं बोलू.